केकवर सोनं मारणारा कोंडीराम

आमच्या शेजारच्या कोंडीरामच्या भुवया सोनेरी आहेत. जन्मतः नव्हेत. दिवसभर केकवर सोनेरी रंगाचा फवारा मारून मारून त्या तशा झाल्यात, आणि हा गृहस्थ त्या पुसत नाही. पोलादपूरच्या बाजारात त्याचं केकचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पत्र्याची. त्याचा फवाऱ्याला हवा देणारा कॉम्प्रेसर सुरू झाला की माझं गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोत दचकतं. अर्थात, गिऱ्हाईक असलं तर. मोबाइल आल्यापासून मी बहुतेक मोकळाच असतो, त्यामुळं कोंडीरामकडं बघत बसायला मला भरपूर वेळ मिळतो.

त्याच्या हातात पेनाएवढा एअरब्रश असतो. त्याला नळी, नळीला कॉम्प्रेसर, आणि वरच्या इवल्या वाटीत खायची चमकी मिसळलेला रंग. फ्रिजमधून गार केक काढायचा, वीतभर लांबून हात हलता ठेवून फवारायचं, वाळू द्यायचं, पुन्हा फवारायचं. हात एका जागी थांबला की क्रीमवर ओघळ आलाच. काम एवढंच, पण ते करताना कोंडीराम श्वास रोखतो आणि समोरच्यालाही रोखायला लावतो. “झळाळी आली पायजे, रंग नाय दिसला पायजे,” हे त्याचं ब्रीद.

फवारा नीट येतोय का, हे आधी कुठंतरी मारून बघावं लागतं. त्यासाठी जगात कागद असतात. कोंडीराम मात्र हाताला लागेल त्यावर मारतो: वर्तमानपत्र, विजेचं बिल, माझी बाही. माझ्या तीन शर्टांची डावी बाही बँडवाल्याची वाटते.

एकदा एका ठेकेदारानं नवा जेसीबी घेतला आणि तसाच केक सांगितला. कोंडीरामनं तो सोनेरी केला. जेसीबी पिवळा असतो, असं ठेकेदाराचं म्हणणं. मशीन मातीसाठी घेतलंय की पैशासाठी, असं यानं उलट विचारलं. भांडण रस्त्यावर गेलं. शेवटी ठेकेदार केक घेऊन गेला, आणि महिन्याभरानं पोराच्या वाढदिवसाला सोनेरी डंपर सांगून गेला. आमच्याकडं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण प्रत्येकाच्या घरी वर्षाला चार केक कापतात. मी सगळ्यांचे फोटो काढलेत, म्हणून सांगतो.

कोंडीराम डोंगरातल्या एका वाडीचा. नाव सांगत नाही. सांगून काही फरक पडत नाही. तरुणपणी मुंबईला गेला, एका बेकरीत भांडी घासता घासता हे काम शिकला. तिथंच परजातीतल्या मुलीशी लग्न केलं, गावकीला न विचारता. गावकीनं त्याला वाळीत टाकलं. त्याच्या हातचं खायचं नाही, त्याच्याकडं पाणी प्यायचं नाही. आणि जो खाईल-पिईल तोही वाळीत. याला आता कायद्यानं बंदी आहे, पण तो कायदा बहुतेक एसटीनं येत असावा, आणि एसटी वाडीच्या खालूनच मागं वळते. चार वर्षांपूर्वी त्याची बायको वारली. बहिष्कार मात्र धडधाकट आहे. आई वाडीवर, धाकट्या भावाकडं. मुंबई सोडून कोंडीराम पोलादपुरात आला तो एवढ्याचसाठी, की ती बाजाराला उतरली तर लांबून दिसावी.

मागच्या वैशाखात हाच धाकटा भाऊ माझ्याकडं आला. आईला पंच्याहत्तर पुरी झाली होती, मुंबईची मंडळी आली होती, फोटो काढायला चला म्हणाला. येताना केकही आणा म्हणाला. मग पत्र्याकडं पाठ करून त्यानं सांगितलं, “महाडवरनं आना हां.”

पत्र्यातून सगळं ऐकू जातं. तो गेला आणि कोंडीराम आत आला.

“भाऊ, माजा न्या. महाडचा हाय म्हनून सांगा.”

मी म्हणालो, उगाच भानगड होईल.

“तिला गोड लय आवडतं. येकदा माज्या हातचं तिच्या पोटात जाऊ दे. मंग माजं काय नाय.”

आता याला नाही कसं म्हणणार?

दोन दिवस तो त्या केकला चिकटून होता. वर गुलाब काढ, असं मी बजावलं होतं. यानं काढली नाचणीची कणसं, मुठी मिटल्यासारखी, आणि एकेकावर सोनं मारलं. मी ओरडलो, की महाडचा बेकरीवाला नाचणी काढेल का? त्यावर तो म्हणाला, तिनं जन्मात कधी गुलाब लावलाय का. उतारावरची नाचणीच लावली तिनं.

वाडीवर केकचं फार कौतुक झालं. मुंबईकर “काय फिनिशिंग हाय” म्हणत मोबाइल पुढं करत होते. ज्यांनी कोंडीरामला वाळीत टाकलं, ते गावकीचे म्हातारे दोनदा मागून खात होते. त्यांचे फोटो मी मुद्दाम जवळून काढले. मग भावानं आईच्या तोंडापुढं तुकडा धरला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. म्हातारीनं कणसांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोंड फिरवलं.

“दातानं चावत नाय. ठेव बशीत.”

केकला कसले दात लागतात? पण सगळे हसले आणि जेवायला वळले. मी तिच्याजवळ गेलो. बशी मांडीवर होती. ती एका कणसावरून बोट फिरवत होती.

“बरा हाय ना तो?”

“बरा आहे. खा ना काकी, कुणी बघत नाही.”

“मी खाल्ला नि कुनाला कळला, तर या पोराच्या दारात उद्या कोन उभा ऱ्हाईल?” धाकट्याकडं बघत ती म्हणाली, आणि बोटाचं सोनं पदराला पुसलं.

मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. तिचा आला, त्या म्हाताऱ्यांचा आला, आणि अशा घरचे फोटो काढून पोट भरणाऱ्या माझाही आला. परतताना घाटात गाडी थांबवून मी तिनं तोंड फिरवल्याचा फोटो पुसून टाकला.

कोंडीराम माझ्याच खुर्चीत बसून होता. मी त्याला कॉम्प्युटरवर एकेक फोटो दाखवला. गावकीचे म्हातारे बघून तो खुदखुदला.

“ह्ये पन जेवले माज्या हातचं? मंग आता अख्खी वाडी वाळीत.” हसून झाल्यावर त्यानं डोळे पुसले. “आनि आई?”

“खाल्ला,” मी म्हणालो. “दुसऱ्यांदा मागितला.”

“दावा फोटो.”

“नेमकी तेव्हाच बॅटरी संपली.”

त्यानं मला वाटेल ते सुनावलं. आता तो बाजारभर सांगत असतो, की याला फोटोला बोलवू नका, नेमक्या वेळी याची बॅटरी संपते. आधीच माझा धंदा बसलेला. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही; याचं घेतो.