अल्गोटच्या रायफलचे दागिने

स्टेलानने ठरवलं होतं ते एवढंच, की सासऱ्यांच्या रायफलला खाली दोन पायांचा एक स्टँड बसवायचा. नळी टेकायला बरं. उत्तर स्वीडनच्या त्या गावात मूस नावाच्या थोराड हरणाच्या शिकारीच्या दिवसांत पोस्टमनसुद्धा जंगलात असतो, आणि शहरातल्या औषधाच्या दुकानात आयुष्य काढून आलेला हा जावई पहिल्यांदाच मचाणावर बसणार होता. नुसत्या विचारानेच त्याचे हात कापायचे. हात कापणाऱ्याला टेकू लागतो, त्यात लाजायचं काय? (पण तो लाजला. दुकानदाराला म्हणाला, "सासऱ्यांसाठी हवाय." सासरे वसंतातच वारले होते.)

सासरे म्हणजे अल्गोट. गावच्या शिकार मंडळात त्यांची जागा होती, आणि मंडळातली जागा माणसाची नसते, घराची असते. घरातून कुणीतरी बंदूक घेऊन मचाणावर बसलं पाहिजे. नाही बसलं तर जागा दुसऱ्या घराला. आणि जागा गेली की स्टेलानची बायको ऊल्रिका हीसुद्धा बाहेर. परकरी वयापासून ती वडिलांच्या मंडळात कुत्री घेऊन मूस उठवायला रान तुडवत आलेली. बंदुकीला ती हात लावत नसे, पण ते रान काढून घेतलं असतं तर बाई वाळून गेली असती. म्हणून स्टेलान "बसतो की मी!" म्हणाला. प्रेमात माणूस काय वाटेल ते बोलतो.

तर स्टँड बसला. स्टँडमुळे रायफल उंच झाली आणि गाल दस्त्यावर टेकेना, म्हणून दस्त्यावर गादी आली. गादीला काडतुसं ठेवायचे कप्पे होते, ते भरले. त्याने रायफल जड झाली, म्हणून रुंद पट्टा आला. तेवढ्यात ओढ्यापलीकडे अस्वल दिसल्याची बातमी आली, म्हणून नळीखाली टॉर्च. मग थंडीत बोटं आखडतील म्हणून दस्त्याला लटकवायची बॅटरीवर तापणारी ऊबपिशवी. आणि सगळ्यात शेवटी, गळ्यात अडकवायची एक दुर्बीण, धुक्यातही गरम जीव पांढरेशुभ्र दाखवणारी. (पुरुषांची भीती अशीच. तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्यासाठी वस्तू विकत घ्यायची.)

ऊल्रिकाने स्वयंपाकघरात ते ध्यान बघितलं आणि हातातलं पाव कापायचं काम थांबवलं.

"अरे, बाबांची रायफल आहे ती. बोहल्यावर चढायचंय का तिला?"

"प्रत्येक वस्तूचं काहीतरी कारण आहे, ऊल्रिका."

"कारण एकच आहे, आणि ते तिच्यामागे उभं आहे. नाकापेक्षा मोती जड झालाय. काढ ते सगळं."

त्याने काढलं नाही. काढलं तर उरणार काय? एक लाकडी दस्ता, एक नळी, नि तो स्वतः. शेवटच्या वस्तूवर त्याचा मुळीच भरवसा नव्हता.

पहिल्या दिवशी धुकं असं की आपलाच बूट परका वाटावा. मंडळाचा म्होरक्या सिक्स्टेन, अल्गोटचा जुना दोस्त, सगळ्यांना नियम सांगत होता: मचाणावर चढल्याशिवाय बंदूक भरायची नाही, आणि गोळी झाडली किंवा जिवावर बेतलं तरच वायरलेसवर बोलायचं. स्टेलानच्या रायफलकडे बघून तो म्हणाला, "जावईबापू, ह्यात बंदूक कुठली?"

शिडी चढताना पायरीला काहीतरी अडकलं आणि खट्कन तुटलं. स्टेलानने खाली पाहिलं नाही. खाली पाहिलं की त्याला घेरी यायची. वर जाऊन त्याने बंदूक भरली, पट्टा अंगाभोवती घेतला आणि घाबरत बसला. मूस येईल याची भीती, मूस येणार नाही याची भीती, आला तर नेम चुकेल याची भीती, आणि नेम लागला तर पुढे काय करायचं याची सगळ्यात जास्त. जरा धीर यावा म्हणून त्याने नवी दुर्बीण डोळ्याला लावली. थंडीने बधिर झालेला अंगठा कुठल्याशा बटणावर दाबला गेला आणि चित्र मोठं, आणखी मोठं झालं.

शिडीच्या पायथ्याशी, नेच्यांच्या आड, पांढरंशुभ्र काहीतरी दबा धरून बसलं होतं. आणि श्वास घेत होतं. वर, खाली. वर, खाली.

 स्टेलानने बंदूक वळवायला घेतली, तर स्टँडचे पाय फटकन उघडून मचाणाच्या कठड्यात रुतले. ओढलं तर पट्टा मानेला बसला. झटापटीत टॉर्च लागला आणि धुक्यावर आपटून उजेड नेमका त्याच्याच डोळ्यांत आला. आंधळा, बांधलेला, अस्वलाच्या डोक्यावर बसलेला माणूस वायरलेसवर कुजबुजला:

"सिक्स्टेन... अस्वल."

"कुठंय?"

"खाली."

"कुणाच्या खाली?"

"माझ्या!"

"केवढं?"

"बसलंय. बसून गाईएवढं आहे."

"हलू नकोस."

"हलतंय कोण!"

सिक्स्टेनने शिकार थांबवली. माणसं मचाणं सोडून चहूबाजूंनी दबकत निघाली. सगळ्यांत आधी पोचली ऊल्रिका, कारण नवरा तिचा होता. तिची कुत्री टुस्से दोरी हिसडून सरळ नेच्यांत घुसली. स्टेलानने डोळे मिटले. खाली फाडल्याचा आवाज झाला. संपली टुस्से! मग आवाज आला चावण्याचा. अगदी चवीने.

"स्टेलान," खालून बायकोचा आवाज आला. फार शांत होता, म्हणजे धडगत नव्हती. "ह्या ऊबपिशवीत तू सॉसेज ठेवलं होतंस का?"

"...गरम राहावं म्हणून."

पिशवी पावाएवढी होती. वाऱ्याने नेचे हलत होते, तो तिचा श्वास. सिक्स्टेनने ती काठीच्या टोकावर उचलून सगळ्यांना दाखवली, आणि जाणती जाणती माणसं झाडांना धरून हसली. हसू थांबलं ते सिक्स्टेनच्या मचाणाकडे परतल्यावर. त्याच्या मोकळ्या मचाणासमोरून एका थोराड मूस-नराचे ताजे ठसे गेले होते. घाई नव्हती त्यांत, फिरायला निघाल्यासारखे.

शेकोटीपाशी सिक्स्टेनने कॉफीचा पेला खाली ठेवला. "अल्गोट गेला तेव्हा वाटलं, जागा रिकामी झाली, वाईट झालं. आज कळलं, रिकामी जागा इतकी वाईट नसते." मग ऊल्रिकाकडे बघून त्याचा सूर उतरला. "उद्याचा एक दिवस देतो, पोरी. रायफल अल्गोटने ठेवली होती तश्शी हवी. संध्याकाळी हात वर करून ठरवू."

 घरी जाईपर्यंत ऊल्रिका टुस्सेच्या मानेवरून नुसता हात फिरवत राहिली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्या संध्याकाळी स्टेलानने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक दागिना उतरवला. स्टँड, टॉर्च, पट्टा, गादी. सगळं टेबलावर ओतलं. खालून अल्गोटची रायफल निघाली, सडपातळ, शहाणी. त्याला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी तो शिडी खारीसारखा चढला. आज रानात फक्त नर किंवा पिल्लू नसलेली मादी मारायची होती. पिल्लाची आई मारणाऱ्याचं तोंड गावात कुणी बघत नसे. स्टेलान टेकून बसला, बंदूक भरायला बोल्ट मागे ओढला आणि काडतुसं घ्यायला हात दस्त्यावरच्या गादीकडे नेला.

गादी नव्हती. काडतुसं गादीत. गादी टेबलावर.

कालची भीती आज पोरखेळ वाटली. उतरून घरी जावं, तर चालत्या शिकारीत मचाण सोडलं म्हणून जागा गेली. वायरलेसवर सांगावं, तर जागाही गेली आणि तोंडही. त्याने हात जोडले. देवा, आज फक्त ससे पाठव.

देवाने मूस पाठवली. घोड्याहून उंच मादी, एकटी, समोरच्या मोकळ्या जागेत आडवी उभी राहिली. पलीकडच्या टेकाडावरून सिक्स्टेन दुर्बिणीतून बघतोय हे स्टेलानला ठाऊक होतं. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने रिकामी रायफल खांद्याला लावली. मादी त्याच्याकडे बघत राहिली, तो मादीकडे. दोघांत कमी घाबरलेली ती होती. शेवटी त्याने रायफल खाली घेतली. घाम डोळ्यांत गेला होता.

आणि तेव्हा झाडीतून, लांब पाय सावरत, तिचं पिल्लू बाहेर आलं.

संध्याकाळी सिक्स्टेन शेकोटीपाशी टोपी काढून उभा राहिला. "माझ्याच्याने राहवलं नसतं, खरं सांगतो. आडवी उभी होती, हातभर अंतरावर! ह्याने नेम धरला आणि थांबला. अल्गोटसुद्धा असाच थांबायचा." सगळे हात वर गेले. कुणीतरी स्टेलानच्या पाठीवर थाप मारली. स्टेलानने मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

ऊल्रिका येऊन त्याला खेटून बसली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिने हळूच त्याच्या कोटाच्या खिशात काहीतरी जड सरकवलं. त्याने चाचपून पाहिलं. गादी. कप्प्यांत काडतुसं, जशीच्या तशी.

"तुला... कधी दिसली?"

"सकाळी. तू दारातून बाहेर पडत होतास तेव्हा."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारणार होते," ऊल्रिका कॉफी फुंकत म्हणाली. "मग आठवलं, आज तुझ्या मचाणाकडच्या झाडीत कुत्री घेऊन मीच फिरणार होते. भीती काय तुलाच वाटते होय रे?"