अप्पांच्या वहीतलं आधीचं नाव

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत नवीन बिऱ्हाड आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा केळुसकर दारात उभे राहत आणि घरातल्या बाईंना विचारत, "आधीचं नाव?" ना ओळख, ना पाळख! माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. बायको चहाचं आधण टाकून बाहेर आली, प्रश्न ऐकला आणि तिने धाडकन दार लावलं. बाहेरून शांत आवाज आला, "हरकत नाही. नोंद कोरी ठेवतो."

अप्पा ठाण्याच्या कोर्टात नकलनवीस होते. दिवसभर लोकांचे दस्त सुवाच्य अक्षरात उतरवायचे आणि घरी येऊन युद्धनौका उतरवायच्या. कुठल्याही देशाच्या आरमारातली असो, तिचा बांधा, चिलखताची जाडी, तोफा, लढाया, शेवटी ती भंगारात गेली की तळाला, सगळं त्यांच्या वह्यांत होतं. बोट विकत घेतलेली असली, तर पानाच्या डोक्यावर तांबड्या शाईने तिचं आधीचं नाव.

"गोबेन घ्या," ते मला नळावर गाठून सांगत. "जर्मनांनी बांधली. पहिल्या युद्धात तुर्कांकडे गेली, नाव झालं यावुझ. खलाशी जर्मनच, डोक्यावर फक्त तुर्की टोप्या!" माझी बादली भरून वाहायला लागे, मागचे लोक शंख करत, पण अप्पांच्या टोप्या संपत नसत.

आणि हा गृहस्थ जन्मात कधी साध्या होडीत बसला नव्हता. एकदा चाळीतली मंडळी वनभोजनाला ठाण्याहून खाडीपलीकडे कळव्याला निघाली. सगळे होडीत बसले, अप्पा काठावरच.

"बसा वो काका, काय नाय व्हत," नावाडी म्हणाला.

"वरचं वजन जास्त आहे," अप्पा म्हणाले. "स्वीडनच्या राजाने वासा बांधली, तिचंही हेच झालं. वर तोफाच तोफा! पहिल्याच फेरीला, बंदरातच आडवी."

हे ऐकून दोन बायका उतरल्या. मग त्यांची मुलं उतरली. मग आमरसाचं पातेलं उतरलं. शेवटी आम्ही सगळे भर उन्हात पुलावरून चालत गेलो. पातेलं माझ्या डोक्यावर होतं आणि अप्पा शेजारून चालत मला गुरुत्वमध्य समजावत होते. त्या दिवशी मी त्यांच्याशी पुन्हा बोलणार नाही असं ठरवलं. पण अप्पांना त्याचा पत्ताच लागला नाही, कारण आमच्यात बोलायचे ते एकटेच.

तरीही माझ्या बहिणीच्या, कुसुमच्या लग्नाला त्यांना बोलवावं लागलं. वडील गेल्यावर तिचं लग्न ही माझी एकच काळजी होती. तीन ठिकाणांहून नकार आलेले. चौथं स्थळ ठाण्याचं, मुलगा माधव भला, पण त्याच्या आत्याबाई भारी कडक. बारीकसारीक कारणावरून मांडवातून उठून जातील अशा. मी अप्पांना बजावलं, "आज एकही बोट नको. शपथ घ्या." त्यांनी घेतली.

जेवणं होईपर्यंत त्यांनी ती पाळलीसुद्धा. मग ताटात तांदूळ पसरले. नवऱ्या मुलाने अंगठीने नवरीचं सासरचं नाव लिहायचं. आत्याबाईंनी 'जानकी' ठरवलं होतं. माधवने 'जानकी' लिहिलं आणि पेढे फिरणार, इतक्यात मागून आवाज आला.

"खाली आधीचंही लिहा."

मी वळून पाहिलं. अप्पाच!

"हे कोण?" आत्याबाईंनी विचारलं. "आमच्यात नाव बदलायची रीत आहे."

"बदला की!" अप्पा पुढे आले. "आपली 'दिल्ली' क्रूझर आधी 'अकिलीस' होती. न्यूझीलंडकडे असताना जर्मनांशी लढली, पुढे तोफांचा एक बुरूजही गमावला. आपण नवीन नाव दिलं, म्हणून ती लढाई काय पुसायची?"

"आमची सून म्हणजे बोट आहे का?" आत्याबाई उठल्याच. कुसुम रडवेली झाली. मी अप्पांचा दंड धरला आणि दातओठ खात म्हणालो, "अप्पा, पाया पडतो, बाहेर चला. लागलेलं लग्न मोडेल हो!"

अप्पा माझ्याकडे न बघता आत्याबाईंना म्हणाले, "माझ्या लग्नात मीही असंच लिहिलं होतं. 'रमा'. लिहिलं तेवढंच, एरवी नुसतं 'अगं'. बारा वर्षांनी ती तापाने गेली. शेवटच्या दिवशी मी रमा, रमा म्हणून हाका मारल्या. तिने मान वळवली नाही. तिला माहेरच्या नावाने बोलवावं असं वाटलं आणि ते मला आठवेना. लग्नपत्रिकेत वाचलं होतं मी! पत्रिका राहिली नव्हती, माहेरी विचारायला कुणी उरलं नव्हतं. ती तशीच गेली." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मग रद्दीत आरमाराचं एक पुस्तक मिळालं. त्यात बोटींचीसुद्धा आधीची नावं जपून ठेवली होती."

आत्याबाई हळूच खाली बसल्या. तांदळाचं ताट भाच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "लिही रे. खाली जागा आहे."

माधवने 'कुसुम' लिहिलं. मला इतकी वर्षं अप्पांचा राग राग केल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा वही घेऊन आमच्या दारात हजर. मी आंघोळीच्या गडबडीत होतो, पुन्हा वैताग आला.

"वहिनी, तुमची नोंद कोरी आहे," ते म्हणाले. "आधीचं नाव?"

या वेळी बायकोने दार लावलं नाही. पदराला हात पुसत ती हळूच म्हणाली, "वेणू."

अप्पांनी तांबड्या शाईने लिहून घेतलं. मी ओल्या अंगाने आत तसाच उभा राहिलो. ते नाव मी लग्नानंतर एकदाही घेतलं नव्हतं, आणि तिने सांगेपर्यंत ते मलाही आठवलं नसतं.