बाण येऊन जाईपर्यंत

"आता बाजार माझ्या खिशात!" मिस्टरांनी सकाळीच जाहीर करून टाकलं. खिशात तूर्त फक्त रुमाल होता, पण उत्साहाला कोण अडवणार!

मिस्टर म्हणजे पार्लरवालीचे मिस्टर. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला "हे आमचे मिस्टर" अशी ओळख करून द्यायची, म्हणून सगळी गल्लीच त्यांना त्या नावानं हाक मारायला लागली. नोकरीतून लवकर निवृत्ती घेऊन ते पार्लरच्या गल्ल्यावर बसायचे आणि बसल्या बसल्या फोनवर शेअरबाजार शिकायचे. शिकले काय, तर एक इंडिकेटर. पडत चाललेला भाव आता मागे फिरणार असं वाटलं की हा इंडिकेटर आलेखावर हिरवा बाण काढायचा आणि फोन टिंग करायचा.

"बाण आला की घ्यायचं! शेंबडं पोरगंसुद्धा करेल!"

"मग तुम्हाला का जमत नाही?" बायकोनं विचारलं.

कारण साधं होतं. भाव जरा हलला की बाण उमटायचा आणि भाव परत घसरला की तो गुपचूप पुसला जायचा. थोडं थांबा, बाण टिकतोय का बघा, असं शिकवणाऱ्यानं व्हिडिओच्या अगदी शेवटी सांगितलं होतं. पण शेवटपर्यंत बघायला मिस्टरांना धीर कुठला!

त्याच दिवशी पार्लरमध्ये मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. मिस्टरही त्यांच्याच हाताखालून गेलेले, त्यामुळे बाई दिसल्या की अजूनही त्यांचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे. संध्याकाळी बाईंचा निरोपसमारंभ होता आणि त्यांना पांढरे केस गडद तपकिरी करून हवे होते. "सभ्य दिसायला हवं हं," त्यांनी बजावलं.

समोर नवं काचेचं पार्लर उघडल्यापासून इथल्या खुर्च्यांवर धूळ बसत होती. बाई खूश झाल्या तर शाळेतल्या सगळ्या शिक्षिका इकडे येणार आणि नाराज झाल्या तर दुकान बंदच करावं लागणार, हे बायकोला पुरतं ठाऊक होतं. तिनं जीव ओतून रंग लावला. तेवढ्यात फोन आला. सकाळी जिचा मेकअप करून दिला होता, त्या नवरीची एक खोटी पापणी निखळली होती!

"मी पळते! तुमच्या फोनवर घंटा लावलीय. टिंग झालं की बाईंचे केस धुवा. बाकी कशाला हात लावू नका!"

"अगं, हे काय मोठं काम आहे!" मिस्टर म्हणाले.

बायकोची पाठ वळते न वळते तोच टिंग! मिस्टरांनी झडप घालून आलेख उघडला. बाण कुठाय? कुठेच नाही! मिस्टरांनी डोकं चालवलं: बाण नाही, त्याअर्थी हे टिंग केसांचंच!

"इतक्यात झालं?" बाईंनी विचारलं.

"हल्लीचे रंग फास्ट असतात, बाई!"

त्यांनी बाईंचं डोकं नळाखाली धरलं. रंग वाहून गेला आणि खालून केस निघाले ते गाजरासारखे! मिस्टरांनी साबण लावला. गाजर आणखी ताजं झालं. आणखी साबण! जसजसं धुवावं तसतसं उजळ!

इतक्यात पुन्हा टिंग. "हा खरा बाण!" मिस्टर किंचाळले आणि एक हात बाईंच्या केसांत ठेवून दुसऱ्या हाताच्या फेसाळ अंगठ्यानं त्यांनी शेअर घेऊन टाकले. मग स्क्रीनवरचा फेस पुसला. तिथे लिहिलं होतं: "मोठ्या बाई. केस धुवा."

मिस्टरांनी ते दोनदा वाचलं. म्हणजे मघाचं टिंग बाणाचं होतं आणि तो पुसला गेला होता! आणि शेअर घेतले होते ते केसांच्या रंगाचा सल्ला मानून! त्यांनी घाईघाईनं बाईंची खुर्चीच फिरवली.

"अरे, माझं तोंड भिंतीकडे का केलंस?"

"ओले केस आरशात खरे दिसत नाहीत, बाई."

"वर्गात मी तुला असं उभं करायचे. त्याचा सूड उगवतोयस की काय?"

दारातून बायको आत आली आणि तिची किंकाळी समोरच्या काचेच्या पार्लरपर्यंत गेली. "अहो, हे काय करून ठेवलंत!"

"जरा... ट्रेंड फिरलाय."

बाईंनी पायानं खुर्ची गर्रकन आरशाकडे वळवली. मिस्टर नकळत छडीसाठी हात पुढे करून उभे राहिले. बायकोला रडू फुटायचंच बाकी होतं. "बाई, अजून वेळ आहे, दुसरा हात मारते..."

"हात लावून तर बघ!" बाई आरशात बघत होत्या आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं. "सगळा जन्म मुलींच्या रिबिनींचे रंग तपासण्यात गेला माझा. आज शेवटचा दिवस. आता मला कोण ओरडणार आहे?"

संध्याकाळी मोठ्या बाई व्यासपीठावर चढल्या तेव्हा अख्ख्या शाळेनं शिट्ट्या मारल्या म्हणे! दुसऱ्या दिवशी पाच शिक्षिका पार्लरच्या दारात हजर. "आम्हाला मोठ्या बाईंसारखा!"

बायकोचा आनंद गगनात मावेना. तिनं मिस्टरांना आतल्या खोलीत ओढलं. "रंग किती वेळ ठेवला होतात?"

"बाण येऊन जाईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"ते बाणालाच माहीत!"

दुसरा इलाज नव्हता. पाचही डोक्यांना रंग लागला आणि फोन आरशाला टेकवून उभा केला गेला. रबरी हातमोजे घालून मिस्टर नळाशी सज्ज झाले. सगळ्या बायका श्वास रोखून आलेखाकडे बघत होत्या. टिंग!

"आला!" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

"गेला का?" बायकोनं विचारलं.

"नाही अजून."

"आता?"

"अगं, हा तर टिकलाय! भाव चढतोय! माझा पहिला खरा बाण!" मिस्टर फोनवर बोटं आपटू लागले, पण रंगानं बरबटलेल्या रबरी मोज्यांना फोन दाद देईना. मोजे ओढावेत तर तेही निघेनात!

"शेअर खड्ड्यात गेले! आमच्या केसांचं काय?" पाची जणी ओरडल्या.

बाण काही हलला नाही. भाव वर, आणखी वर, मिस्टरांना टाटा करत निघून गेला. आणि पाचही शिक्षिका गडद तपकिरी, अत्यंत सभ्य केस घेऊन रडवेल्या तोंडानं घरी गेल्या.

बायकोनं कपाळाला हात लावला. "उद्या आणखी चौघी येणारेत. अहो, उद्या तरी तुमचा इंडिकेटर नीट चुकेल ना?"