शेखर घर बघायला आला

कराडात बुल टेरियर जातीची कुत्री कुणी पाळत नाही. तीच घर बघायला येतात आणि पसंत पडलं तर राहतात. येताना सोबत मामा असतो. प्रश्न विचारले जातात, मग पोहे होतात. पाहुण्याने पोह्यांना तोंड लावलं की होकार, न लावता उठला की नकार. घरच्यांनीच पाहुण्यापुढची बशी उचलली तर घराचा नकार समजतात, पण तसं आजवर कुणी केलेलं नव्हतं.

हेमलता भुरके यांच्याकडे आधी दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्याला तळमजला हवा होता. दुसरा ‘कळवतो’ म्हणाला आणि समोरच्या दंतवैद्यांकडे राहायला गेला. आता तो रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर खालून जायचा, पण वर बघायचा नाही.

लेक लग्न होऊन हुबळीला गेल्यापासून दुपारी शिलाई मशीन थांबलं की घरात दुसरा आवाज नसायचा. हेमलताला कुणीतरी हवं होतं. तिसरं स्थळ शेजारच्या शकूवहिनींनी आणलं.

“हेही गेलं तर घराला नाव पडतं बघ, हेमा,” त्या म्हणाल्या. “मग गावठी मांजरसुद्धा येत नाही.”

रविवारी शेखर आला. पांढराशुभ्र, अंड्यासारखं लांबट डोकं, बारीक तिरके डोळे. मामाही त्याच जातीचे, पण अंगाने सुटलेले. दोघे सोफ्यावर बसले. शकूवहिनी खुर्चीवर आणि हेमलताचे यजमान विलासराव दाराजवळच्या स्टुलावर.

“दिवसा घरी कोण असतं?” मामांनी विचारलं.

“मी असते. ब्लाउज शिवते. हे एसटी डेपोत असतात.”

“बरं आहे. आमच्या मुलांना एकटं ठेवलेलं चालत नाही. कंटाळली की सोफा फाडतात.” मामांनी सोफ्याच्या कडेला नाक लावून कापड पाहिलं. “फिरायला?”

“सकाळी नदीवर, संध्याकाळी प्रीतिसंगमाच्या बागेत.”

“पावसात?”

“छत्री आहे.”

“माझंही सांगून टाकतो,” शेखर पहिल्यांदाच बोलला. आवाज घोगरा, पण नम्र होता. “कातडी नाजूक आहे. ऊन लागलं की लाल होते, साबण बदलला की खाज सुटते. डाव्या कानाने ऐकू येत नाही. नंतर फसवलं असं व्हायला नको.”

हेमलताला हे फार आवडलं. जावयाने चष्मासुद्धा लग्नानंतर दाखवला होता.

“लोक म्हणतात, तुमची जात चावरी,” शकूवहिनींनी विषय काढला.

“लोक तुमच्याबद्दलही म्हणतात, वहिनी,” मामा म्हणाले. “आम्ही गल्लीत चौकशी करूनच आलोय.”

शकूवहिनी पंख्याकडे बघू लागल्या.

“मी दिवसातून एकदा घरभर धावतो,” शेखर म्हणाला. “कारण काही नसतं. पण मधे कुणी आलं तर पडतं.”

“शोकेस आहे आमची,” विलासराव म्हणाले.

“शोकेस हलवू,” हेमलता म्हणाली.

मग पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. शेखरने घरभर एकदा नजर फिरवली, समाधानाने उसासा टाकला आणि बशीकडे तोंड नेलं. मामांनी डोळे मिटले. जमल्यातच जमा होतं.

तेवढ्यात हेमलताला पोह्यांत कांदा दिसला. कुत्र्यांना कांदा बाधतो, हे तिने पहिल्या स्थळाच्या वेळी पाठ केलं होतं, विचारल्यावर धडाधडा सांगितलंही होतं. पण लेकीच्या वेळी इतक्यांदा कांदेपोहे केले होते, की बघायला येणार म्हटल्यावर हात आपोआप कांदा चिरून मोकळा झाला होता.

बशी तशीच ठेवली तर तो खाणार होता आणि राहणार होता. तिने बशी उचलली.

मामांनी डोळे उघडले.

“बशी उचलली,” ते म्हणाले.

“कांदा आहे हो त्यात. त्यांच्या पोटात गेला असता.”

“कशासाठी का असेना. घराचा नकार आला.”

“अहो, नकार नाही! मला तर ते हवेत!”

“बाई, रीत म्हणजे रीत. ऊठ, शेखर.”

शेखर उठला नाही.

मामांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला उजव्या कानात. शेखर सोफ्यावर आडवा झाला. मामांनी त्याचा पट्टा दातात धरून ओढला. सोफा हलला, शेखर नाही. बुल टेरियर हट्टी असतात का, हे विचारायचं सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं होतं.

“पाहुणा उठेपर्यंत कार्यक्रम संपला असं म्हणता येत नाही,” विलासराव स्टुलावरून म्हणाले. डेपोत असल्यामुळे त्यांना नियमांची सवय होती.

मामांनी थोडा विचार केला. “नाही म्हणता येत,” ते म्हणाले. “चहा असेल तर टाका.”

तेव्हापासून कार्यक्रम चालू आहे. शेखरला फिरायला नेतात, तेवढ्यापुरते मामा सोफ्यावर जागा धरून बसतात. विलासराव डेपोत जाताना “येतो, बसा तुम्ही,” म्हणून जातात. दुपारी मशीन थांबलं की शेखर घरभर धावतो आणि शोकेस आता गॅलरीत असते.

पावसाळ्याच्या तोंडावर हेमलता त्याला लस टोचायला घेऊन गेली. डॉक्टरांनी सुई भरता भरता विचारलं, “कुत्रा तुमचाच ना?”

“नाही हो,” हेमलता शेखरचं डोकं धरत म्हणाली. “बघायला आलेत.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. “घट्ट धरा.”