बाण कोन्या दिशेनं?

गावंडे सरांना कोणी नमस्कार केला, की ते आधी बोटानं हवेत एक रेघ ओढतात, समोरच्याकडून स्वतःकडे. मग हात जोडतात आणि दुसरी रेघ ओढतात, स्वतःकडून समोरच्याकडे. नवख्या माणसाला वाटतं, सर माशी हाकलत आहेत. अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या गल्लीला मात्र सवय झाली आहे. दूधवाला तर दोन्ही रेघा पुऱ्या होईपर्यंत कॅन खाली ठेवून उभा राहतो.

"नुसत्या ओळखीले काई अर्थ नाई, राजेहो," सर म्हणतात. "बाण कोन्या दिशेनं हाय, ते पाहा लागते."

सर आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. मी तिथंच मराठी शिकवतो आणि घरही त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे माझी सुटका कुठेच नाही. वाचनालयात मुलं येईनाशी झाली, तेव्हा सरांनी हे संशोधन काढलं. वऱ्हाडातल्या कॉलेजांच्या वेबसाइट एकमेकींना लिंक देतात की नाही, हा त्याचा विषय. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. ते एकेका वेबसाइटमध्ये शिरतं, पान न् पान चाळतं, कुठून कुठे लिंक जाते ते टिपतं आणि शेवटी नकाशा काढून देतं. वेबसाइट म्हणजे ठिपका, लिंक म्हणजे बाण. ज्याच्याकडे बाण जास्त येतात, तो ठिपका फुगतो.

सर दर महिन्याला हे सॉफ्टवेअर लावतात. लावण्याआधी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळतात. विज्ञानाचा भाग तिथून पुढे सुरू होतो.

पहिला नकाशा त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये लावला, तेव्हा आमचं कॉलेज सापडायला वेळ लागला. आमच्याकडून बाण चौफेर सुटले होते. आमच्याकडे येणारे दोनच. एक मंगल कार्यालयाचा, कारण त्यांची पार्किंग आमच्या मैदानावर असते. दुसरा वरूडकडच्या संत्र्याच्या कलमांच्या एका नर्सरीचा. सगळे हसले.

"ठिपका जरा मोठा करा ना," प्राचार्य म्हणाले.

"आपला ठिपका आपल्याले मोठा करता येत नाई, सर. तो लोकायनं करा लागते."

"बरं. आणि कॉलेजांच्या अभ्यासात ही संत्री कशाला?"

"ते कंट्रोल हाय," सर म्हणाले. कंट्रोल म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. बाकीच्यांना ठाऊक असणार, असं प्रत्येकाला वाटलं.

हा नकाशा घेऊन सर अमरावतीच्या एका चर्चासत्रालाही गेले. सोबत म्हणून मला ओढलं. तिथं एका मोठ्या कॉलेजच्या प्राचार्यांना त्यांनी भर सभेत सांगितलं, "तुमच्याकडे बाण लय येते, पन तुमचा एकबी बाहेर जात नाई. म्हंजे तुमी जेवायले जाता, पन कोनाले बलावत नाई." दुपारच्या जेवणाला सरांच्या टेबलावर मी एकटाच होतो. सरांनी वरणबट्टी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, खरं बोललं की जागा ऐसपैस मिळते.

असा हा माणूस गेल्या महिन्यात अचानक रेघा ओढायचा थांबला. मी सकाळी नमस्कार केला, तर त्यांनी मुकाट्यानं मान हलवली. दूधवाल्यानं कॅन खाली ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि कावराबावरा होऊन निघून गेला. मला चैन पडेना. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. भिंतीवर नवा नकाशा होता. संत्र्याची नर्सरी एका कोपऱ्यात आणि आमचं कॉलेज दुसऱ्या. मधला बाण नव्हता.

"कंट्रोल गेलं," सर म्हणाले आणि आत निघून गेले.

"कंट्रोल कसचं!" सरांच्या पत्नी, आमच्या गावंडे वहिनी, चहा ठेवत म्हणाल्या. "यायच्या मोठ्या भावाची नर्सरी हाय ते. पयले यायनंच वेबसाइट करून देल्ली, त्यात सोताचं नाव टाकलं, कॉलेजच्या लिंकसंगं. मंग पुतन्याचं लग्न निंगालं. पत्रिकेत निमंत्रकायमंदी समद्या सोयऱ्यायचे नावं, सख्ख्या काकाचं नाई. भाऊजी म्हनले, छापनाऱ्यानं गाळलं. हे म्हनले, मंग प्रूफ वाचलं कोनं? तवापासून बोलनं बंद."

"फोनपण नाही?"

"मी म्हनलं, फोन करा. त हे मशीन लावते. दर महिन्याले पाहते, नाव हाय का काढलं. हाय दिसलं का मंग दोन पोया जास्ती खाते."

मला एकदम फार वाईट वाटलं. कॉलेजांचा म्हणून चाललेला एवढा खटाटोप हा माणूस एका नावासाठी करत होता, आणि आम्ही मीटिंगमध्ये हसलो होतो.

मी मोबाइलवर नर्सरीची वेबसाइट उघडली. ती आता नवी केलेली होती, पिवळी-केशरी, झुलत्या संत्र्यांची. वर एक बटन होतं, 'आमचा परिवार'. मी ते दाबलं. पान उघडलं. सरांचे दादा, त्यांची बायको, मुलगा, सून आणि खाली गावंडे सर, तरुणपणीचे, भरगच्च केसांचे. 'आमचे काका. ग्रंथपाल, अकोला.' त्याखाली आमच्या कॉलेजची लिंक.

मी हाक मारली. सर आले. मोबाइल त्यांनी डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"हे सूनबाईनं केलं असन," ते म्हणाले. "तिनं त मले पाह्यलंबी नाई." मग त्यांचं बोट वरच्या बटनाकडे गेलं. "आपलं सॉफ्टवेअर बटन दाबत नाई. दारापावतर जाते अन् कोनी दिसलं नाई का वापस येते."

वहिनींनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मीबी तसाच गेल्तो," सर हळूच म्हणाले. "लग्नाले. मंडपाच्या गेटपावतर."

"अन् मले त्या दिशी सांगतलं का चर्चासत्र हाय," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी दादांचा नंबर काढून सरांच्या हातात त्यांचाच फोन दिला. "दाबा आता बटन."

सरांनी दाबलं. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग एक जाड, दमलेला आवाज आला.

"कोन? बापू? काऊन रे, संत्र्याचा आंब्या बहाराचा माल गेला, मिरगाचाबी गेला. तुह्या नावाची पेटी दर खेपेले काहाळून ठेवतो अन् ते सडते. येतं का नाई?"

सरांनी बोट उचललं आणि हवेत रेघ ओढली, फोनकडून स्वतःकडे. दुसरी रेघ ओढायला त्यांनी पुन्हा हात वर नेला, पण तो डोळ्यांपाशीच थांबला.

"येतो, दादा," ते म्हणाले.