सुभेदाराचा हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आमच्या बँकेत 'आपण अजून जिवंत आहोत' हे सांगायला येतात. माणशी एक दाखला. भुजंगमामा मात्र दोन आणायचे. एक स्वतःचा, दुसरा रेल्वेच्या इंजिनाचा.

दुसरा अर्जसुद्धा रीतसर भरलेला. नाव : सुभेदार. वडिलांचे नाव : अमेरिका. नोकरी : आधी फौज, मग पॅसेंजर. ओळखीची खूण : डाव्या कुशीत जपानी गोळी. खाली ठसठशीत अक्षरांत, 'वरील इसमास मी समक्ष पाहिले असून तो हयात आहे', आणि मामांची सही.

"मामा, इंजिनाला पेन्शन नसते," मी पहिल्या वर्षी म्हणालो.

"पेन्शन कोन मागायलंय?" मामा कडाडले. "फौजी गडी हाय त्यो. वर्सातून एकदा कुनी इचारावं का न्हाई, बाबा, हाईस का गेलास म्हून?"

मागे तीस म्हातारे रांगेत खोकत होते. मी शिक्का मारून मोकळा झालो. तेव्हापासून दरसाल मारतोय. माझी नोकरी अजून कशी टिकून आहे, हे माझ्या साहेबांनाही सांगता येणार नाही.

मामा आमच्या पिंगळीचे. मी परभणीला बिऱ्हाड हलवलं, ते तिथेच राहिले. छोट्या लाईनीच्या जमान्यात ते फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या पोटात फावड्यानं कोळसा मारणारे. त्या आगीनं त्यांचे तळहात असे भाजून निघाले होते, की चुलीवरची भाकर ते तिच्या पाठीवर थाप मारून उलटत. त्यांचं एकच शास्त्र होतं : "हात लावून बघा!" यंत्र खोटं बोलतं, काटे खोटे बोलतात, हात बेइमानी करत नाही.

एकदा त्यांच्या पुतणीला बघायला राणीसावरगावचा मुलगा आला. पोहे यायच्या आत मामांनी त्याच्या कपाळावर पंजा ठेवला आणि जाहीर केलं, "बायलर गार हाय. पोरगी देऊ नका." पाहुणे तसेच उठले. चार महिन्यांत तो मुलगा भगवी कफनी घालून बुवा झाला! तेव्हापासून पिंगळीत तापलेलं पोर असो, अडलेली म्हैस असो, की जळलेली मोटर, आधी मामांचा हात, मग डॉक्टर नाहीतर वायरमन.

आता सुभेदाराविषयी. महायुद्धात अमेरिकेनं तो बोटीत घालून ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर धाडला. लढाई संपल्यावर फौजेतून निवृत्त झाला आणि हिंडत हिंडत आमच्या लाईनीला लागला. मामांच्या मते फौजी शिस्त त्याच्या हाडात होती. त्यानं शिट्टी फुंकली की पिंगळीच्या म्हशी उंचीप्रमाणे रांगेत उभ्या राहत. मी लहानपणी त्या म्हशी पाहिल्या आहेत. रांग पाहिली नाही, पण म्हशी नक्की पाहिल्या.

"आन् गंगाखेडचा पूल आला," मामा सांगत, "की आपसूक धीमा व्हायचा. हुकूम नगं, काय नगं. डब्यातल्या बाया गंगेत पैसा टाकायलेत, त्यांचा हात चुकू नये म्हून. तोफा वढल्याला गडी, पर जान लय नरम."

छोटी लाईन गेली, वाफ गेली, त्याचे सगळे जोडीदार भंगारात गेले. सुभेदार तेवढा वाचला. परभणीतल्याच एका सरकारी बागेत चबुतऱ्यावर चढवून त्याला लाल, पिवळा, निळा रंग फासला. "फौजी माणसाला वराती घोडा करून ठेवलाय!" म्हणून मामा महिनाभर तणतणत होते.

यंदा बँकेत अंगठ्याचं यंत्र आलं. मामांचा अंगठा लागेना. तर्जनी लागेना. दहाही बोटं झाली. कोळशाच्या फावड्यानं बोटांवरच्या रेघा कधीच खाऊन टाकल्या होत्या.

"म्हंजी मी मेलो का?" मामांनी विचारलं.

"यंत्राचं अजून ठरेना, मामा."

रांग हसली. मामाही हसले. मग मला युक्ती सुचली. मामी जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. त्यानं येणं जमत नाही म्हणून एक मोठा फोन पाठवला होता. तो मी मामांच्या तोंडासमोर धरला, पापणी मिटायला सांगितली, आणि अर्ध्या मिनिटात फोन म्हणाला, हयात!

"संपली कटकट!" मी टाळी वाजवली. "पुढच्या वर्षीपासून इथवर यायचंच नाही. घरी बसून पापणी मिटली की झालं."

वाटलं, म्हातारा आशीर्वाद देईल. त्यांनी फोन बंडीच्या खिशात सरकवला.

"म्हंजी आता तुमी बी बघनार न्हाई," एवढंच म्हणाले आणि गेले. सुभेदाराचा अर्ज काउंटरवरच राहिला. त्यावर त्यांनी सही केली नव्हती.

तो कागद दोन दिवस ड्रॉवरमधून मला टोचत राहिला. रविवारी भर दुपारी मी बागेत गेलो. मामा चबुतऱ्यावर सुभेदाराला पाठ टेकून बसले होते. मला पाहून दचकले.

"बँकवाले, आज तर सुट्टी हाय."

"तपासणीला आलोय. तुमचा तो फोन इंजिनाचं तोंड ओळखत नाही."

मी चबुतऱ्यावर चढलो आणि खिशातून दोन कोरे अर्ज काढले. मामांनी दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले. मग अगदी फायरमनच्या आवाजात म्हणाले, "असं न्हाई ल्हियाचं. आधी हात लावून बघा."

मी बॉयलरवर तळहात ठेवला. उन्हानं लोखंड चटका बसेल इतकं तापलं होतं.

"गरम हाय?"

"आहे."

"मग ल्हिवा."

मी लिहिलं. समक्ष पाहिले, हयात आहे. सही केली. मामांनी अक्षर न् अक्षर तपासलं. मग, इकडे तिकडे बघत, जणू सहजच, आपला उजवा पंजा माझ्यापुढे धरला.

"आन् ह्यो?"