मस्यू सोनाजींवर जळताना

आजवरच्या आयुष्यात माझ्या दोन्ही गालांना गाल लावून चुंबनाचा आवाज काढणारा पुरुष एकच, आणि तोही मिशीवाला. मिशिगनमधल्या ट्रॉयच्या शेजारच्या गावात आम्ही घर घेतलं. सामानाचा ट्रक अजून दारातच उभा होता, तेवढ्यात पलीकडच्या घरातून पांढरी हॅट घातलेले साठीचे एक गृहस्थ हात पसरून आले. "बोंजूर! आपले आगमन सुखरूप झाले काय?" असं म्हणत त्यांनी मला काही कळायच्या आत उजवा गाल, डावा गाल उरकून घेतला. मी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. तर वैशाली आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत उभी! तिच्यापुढे ते नुसते कमरेत वाकले आणि म्हणाले, "मादाम."

त्या एका शब्दावर वैशाली आठवडाभर खूश होती. मी लग्नापासून तिला "अगं" म्हणत आलोय, त्याचं कुणाला काही नाही.

"किती चार्मिंग आहेत ना रे, श्री!" ती म्हणाली.

"मिशी टोचते," मी म्हणालो.

हे गणपत सोनाजी. मॉरिशसचे मराठी. त्यांचे पणजोबा कोकणातून बोटीनं ऊस तोडायला तिकडे गेले. बोटीवर नाव विचारलं, त्यांनी सोनाजी सांगितलं, आणि लिहिणाऱ्यानं पुढच्या सगळ्या पिढ्यांना तेच आडनाव लावून टाकलं. मूळ आडनाव गेलं, गावही गेलं. घरात त्यांची तिकडची क्रिओल बोली, बाहेर फ्रेंच, आणि मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे ती तोंडातून छापून आल्यासारखी यायची. काका म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "काका वृद्ध मनुष्यास म्हणतात. मी मस्यू." मस्यू म्हणजे फ्रेंचमधलं महाशय. मग सगळे त्यांना मस्यूच म्हणायला लागले.

आता मराठी बोलायचं तर मीही बोलतो. पुण्यात जन्मलो, पुण्यात शिकलो, माझ्या मराठीला नावं ठेवायला जागा नाही. पण माझी मराठी ऐकून आजपर्यंत कुणी थांबलेलं नाही. मस्यूंनी "अलोर, मजला किंचित कोशिंबीर द्यावी" म्हटलं की इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायका कोशिंबिरीचं पातेलं घेऊन धावायच्या. गणपतीच्या कार्यक्रमात मी समईपासून सजावटीपर्यंत सगळं बघायचो आणि फोटो मस्यूंचा निघायचा. वर ते सांगायचे की गणेश चतुर्थीला आमच्या साऱ्या देशाला सुट्टी असते. म्हणजे तिथंही मॉरिशस वरचढ.

मॉरिशसच्या पोर्ट लुईसला त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान कधीच विकलं, पण बोटांची सवय गेली नव्हती. समोरच्या माणसाच्या शर्टाची कड चिमटीत धरल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. माझा महागातला, खास इंटरव्ह्यूसाठी घेतलेला शर्ट त्यांनी असाच चिमटीत धरला आणि हळहळले. "मों शेर, प्रिय मित्रा, हा आटणार." दोन धुण्यांत आटला. मला शर्टाचा नाही, त्यांचाच राग आला.

दुकानानंतर ते तिकडेच एका बँकेत लागले. बायको गेली. मूलबाळ नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं म्हणून त्यांनी अमेरिकेच्या व्हिसा लॉटरीचा अर्ज भरला आणि ग्रीन कार्ड लागलं. लागलं! हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. भारतात जन्मलेल्यांना त्या लॉटरीत भागच घेता येत नाही. मी मोटारीच्या वायपरचं डिझाइन करतो, माझ्याकडे मास्टर्सची डिग्री आहे, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत मी इतकी वर्षं उभा आहे की कंपनीतला माझा अर्ज भरणारा वकीलसुद्धा रिटायर झाला. आणि हे गृहस्थ म्हणायचे, "बों, मी विचार केला, पाहू या."

इकडच्या एका बँकेनं त्यांना हातोहात उचललं. डेट्रॉइटच्या आसपास लेबनॉनचे, सेनेगलचे, क्वेबेकचे व्यापारी पुष्कळ. त्यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलणारा माणूस बँकेला हवाच होता. मस्यू त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे, कॉफी प्यायचे, कापड चिमटीत धरायचे आणि संध्याकाळी खाती उघडून यायचे. मला ऑफिसात कॉफी पिताना बॉसनं पाहिलं तर तो घड्याळाकडे बघतो.

एवढ्यावर थांबले असते तरी मी सहन केलं असतं. पण एका उन्हाळ्यात ते हॅट काढून आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मस्यू श्री, मी राजकारणात प्रवेश करतो आहे." गावच्या सिटी कौन्सिलची निवडणूक नोव्हेंबरात होती. ते सिटिझन झालेच होते. समोर विम्याचा धंदा करणारे एक जुने मेंबर होते, त्यांना हरवणं सोपं नव्हतं.

"मुद्दा काय तुमचा?" मी विचारलं. मला वाटलं टॅक्स, शाळा, रस्ते.

"बाक," ते म्हणाले.

"काय?"

"ह्या गावी बसण्यास एकही बाक नाही. मनुष्य चालतो, थकतो, पण बसेल कोठे? कोणाशी बोलेल?"

मी खूप हसलो. बाकांवर निवडणूक! वैशाली हसली नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी आमच्या लॉनवर त्यांची पाटी रोवली: सोनाजी फॉर कौन्सिल. मला मत देता येत नाही, पण त्या पाटीभोवतीचं गवत दर शनिवारी मीच कापायचं. एकदा मशीनचा धक्का लागून पाटी आडवी झाली. वैशालीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून तिला तो अपघात वाटला नसावा.

त्याच सुमाराला माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. मला वाटलं, चला, घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आलं. पहिल्या संध्याकाळी मस्यू आले. आईच्या गालापर्यंत जातात की काय या भीतीनं मी मध्ये पडायला निघालो होतो, पण ते खाली वाकले आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावला. आईहून ते दोन-चार वर्षांनीच लहान. आई विरघळली.

"किती मर्यादेचा माणूस," ती म्हणाली. "नाहीतर तू. एअरपोर्टवर नुसता हाय म्हणालास."

त्यानंतर प्रचारावरून परतताना ते रोज आमच्या ड्राइव्हवेवर थांबायचे. आई फोल्डिंगच्या खुर्चीत बसलेली असायची, ते शेजारी गॅरेजच्या पायरीवर टेकायचे. ती बोलायची, ते ऐकायचे. आमच्या पुण्याच्या नळाला पाणी कधी येतं, कोणत्या चुलतभावानं कोणाशी अबोला धरलाय, माझ्या मुंजीत कोण रुसलं होतं. मला हे सगळं पाठ होतं, म्हणून मी ऐकत नसे. ते मात्र प्रश्न विचारायचे. "मग त्या गृहस्थांचा राग निवळला काय?" मला कामावरून आल्यावर गार पोळी मिळायची आणि मस्यूंना तव्यावरची. स्वतःच्या आईच्या हातच्या पोळीवरून माणसानं चाळिशीत जळावं, हे सांगायलाही लाज वाटते, पण मी जळत होतो.

आणि ते निवडून आले. बाकांवर! बहुतेक सगळ्या म्हाताऱ्यांनी त्यांनाच मतं दिली. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात हॅटसकट फोटो. दिवसभर त्यांच्या दारात गाड्या, फुलं, केक. मी ऑफिसला जाताना हात हलवला आणि गाडीतूनच अभिनंदन केलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सामसूम. मी संध्याकाळी घरी आलो तर आई खिडकीशी उभी. "त्यांच्या दारातला पेपर सकाळपासून तसाच पडलाय. जाऊन बघ."

मी गेलो. मस्यू सोफ्यावर कोट घालूनच पडले होते. अंगात ताप. सगळीकडे सुकत चाललेली फुलं, आणि केकवर सुरी तशीच ठेवलेली. मी त्यांना धरून आमच्याकडे आणलं. आईनं क्रोसिन दिली, मऊ भात खाऊ घातला, आणि त्यांच्याकडे नीट बघून निकाल दिला.

"दृष्ट लागलीय."

"आई, थंडीत दारोदार फिरलेत ते."

"तू गप्प बस. सगळं गाव बघतंय त्यांच्याकडे. मोहरी, मीठ, लाल मिरच्या आण. माझा खांदा वर जात नाही, तू उतरव. म्हणायचं ते मी म्हणते."

वैशाली अजून कामावरून यायची होती. सुटका नव्हती. मस्यूंना स्वयंपाकघरात स्टुलावर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. त्यांनी हॅट मांडीवर घेतली. मी मूठ भरून त्यांच्या डोक्यावरून पायांपर्यंत उतरवायला लागलो आणि आई म्हणू लागली, "आल्यागेल्याची, पाप्याची, चांडाळाची, घरच्याची, दारच्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..."

शेजाऱ्यापाशी माझा हात अडखळला. आईनं माझ्याकडे पाहिलं, पण ती थांबली नाही.

मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. धूर झाला, आणि छताला लावलेला धुराचा अलार्म कर्कश बोंबलायला लागला. मी स्टुलाच्या बाजूला खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, आई खिडकी उघडतेय, असा पाच मिनिटं गोंधळ चालला. मस्यू मात्र डोळे मिटून तसेच बसून होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, मिरचीचा ठसका असेल. पण ठसका कुणालाच लागला नव्हता. ते रडत होते.

"बघ," आई तव्याकडे बोट दाखवून म्हणाली. "एवढ्या मिरच्या जळल्या आणि ठसका नाही. भलतीच लागलीय. पुन्हा उतरव."

मस्यूंनी डोळे पुसले. "मादाम, माझी पत्नी काढीत असे. ती गेली, तदनंतर कोणी नाही. मी म्हणे, बरोबरच आहे. माझ्याजवळ आहे काय, की कोणी त्याजवर जळावे? घर रिकामे. रिकाम्या घरास कोणाची दृष्ट लागेल?"

"कोणाची म्हणजे?" आई म्हणाली. "हा काय उभा आहे. माझाच मुलगा. मी आल्यापासून बघतेय, तुम्ही दिसलात की ह्याचं तोंड आंबतं."

मला तव्याखाली लपावंसं वाटलं. मस्यू वळून माझ्याकडे बघायला लागले. राग नाही, हसू नाही. एखाद्यानं अनपेक्षित मान दिला तर माणूस बघतो, तसे.

"खरेच काय, मस्यू श्री? मजवर?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"पोळीवरून?"

"पोळीवरूनही."

मी दुसऱ्यांदा मूठ भरली आणि हात त्यांच्या डोक्यावर नेला, तसा त्यांनी हळूच माझ्या शर्टाची बाही धरली.

"मों शेर," ते म्हणाले, "सगळी काढू नका. थोडी राहू द्या."

मी मुठीतली एक मिरची काढून ओट्यावर ठेवली, आणि बाकीची उतरवली.